झोपलेल्या मशीनला हात लावू नका

मोटर रिवायंडिंगच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली की माणसाकडे दोन ढीग साचतात. एक जळक्या तांब्याच्या तारेचा. तो भंगारवाला घेऊन जातो. दुसरा गिऱ्हाइकांच्या थापांचा. तो कुणी नेत नाही! विहिरीवरची मोटर कोळसा झालेली असते, वास अख्ख्या गल्लीत सुटलेला असतो, आणि मालक छातीवर हात ठेवून सांगतो, "नाना, मी काहीच करं नही. आपोआप बंद पडनी!"

मला वाटायचं, हे फक्त मोटरवाल्यांच्या नशिबी. मग माझ्या सुनेनं दुकानाच्या अर्ध्या भागात लॅपटॉप दुरुस्तीचं टेबल मांडलं. पहिल्याच दिवशी एक इसम आला, लॅपटॉप ठेवला, छातीवर हात नेला आणि म्हणाला, "वहिनी, मी काहीच..."

मी आतून ओरडलो, "करं नही! आपोआप बंद पडना!"

माणूस दचकला. म्हणाला, "नाना, तुमले कसं कळनं?"

आता दोन टेबलांचे मिळून किस्से साचायला लागलेत. जागा कमी पडते, म्हणून थोडे इथे उतरवून ठेवतो.

*

सून म्हणजे मनीषा. ती बीएस्सी, मी सहावी. सहावी मी दोनदा केली, म्हणजे तशी माझीही बारावीच झाली! मुलगा एसटीत कंडक्टर, तो दिवसभर सुरतेच्या रस्त्यावर. त्यामुळे नंदुरबारच्या बाजारामागच्या त्या दुकानात आम्ही दोघंच समोरासमोर. तिचे स्क्रू इतके बारीक की ती डाळ निवडतेय असं मला वाटतं.

तिच्याकडे येणारे लॅपटॉप सगळे म्हातारे. सुरतेच्या ऑफिसांतून रिटायर होऊन आमच्याकडे आलेले. त्यांच्यावर ती लिनक्स टाकून देते. लिनक्स म्हणजे काय ते मला विचारू नका. मी गिऱ्हाइकांना सांगतो, डिझेलचं इंजिन रॉकेलवर चालवायची युक्ती आहे. निम्म्यांना पटतं.

आमच्याकडे लाईट पाहुण्यासारखी येते आणि जावयासारखी रुसून जाते. म्हणून मनीषानं सगळ्यांना एक मंत्र दिला होता: बंद करू नका, हायबरनेट करा. मला तिनं असं समजावलं, "नाना, साधी झोप म्हणजे डुलकी. हायबरनेट म्हणजे गाढ झोप. मशीन त्याच्या डोक्यात जे चाललं असेल ते सगळं एका वहीत उतरवतं, वही पोटात ठेवतं, आणि पूर्ण बंद होतं. उठलं की आधी वही वाचतं, आणि जिथं होतं तिथून पुढे चालू."

"आणि वही वाचलीच नाही तर?"

"तर सकाळी उठून बायकोला नमस्कार करील आणि विचारील, ताई, आपण कोण?"

मंत्र लोकांना इतका आवडला की सेव्ह करणं हा प्रकारच सगळे विसरले. आमच्या कंपूत कुणीही काहीही सेव्ह करत नसे. लिहायचं, झोपवायचं. उठवायचं, पुढे लिहायचं. धानोऱ्याचा गुलाबराव पाटील, शेतकरी गटाचा सेक्रेटरी, माझा बालमित्र, त्याचा एक अर्ज दसऱ्यापासून उघडा होता. नाव काय दिलं त्या अर्जाला, विचारलं तर म्हणाला, "बारसं कराले येळच नही भेटना."

आणि मग मनीषानं एका आठवड्यात सगळ्यांची मशीनं अपग्रेड केली. नवं, चांगलं, सुरक्षित. मशीनं चकचकीत झाली. फक्त एक झालं. झोपली की ती वही न वाचताच उठायला लागली!

*

पहिला धक्का गुलाबरावालाच. तो दुकानात आला तो हातात लॅपटॉपची बॅग आणि चेहऱ्यावर सुतक घेऊन.

"वहिनी, मन्हा अर्ज गया. पूर्ण गया. मशीन उठनं तर कोरं! जसं काही व्हयनंच नही."

मनीषानं विचारलं, "झोपवला होता ना नीट?"

"नीट म्हणजे? झाकण लावं, बॅगमा टाका, मोटरसायकलवर टांगा. धानोऱ्याहून आथा येवालोंग बॅग तापनी. तव्यासारखी!"

म्हणजे झाकण लावूनही हे मशीन झोपलंच नव्हतं. ते बॅगेत जागं राहून, घामाघूम होऊन, शेवटी बॅटरी संपता संपता गाढ झोपलं होतं, आणि उठलं ते वही न वाचताच. मनीषा तपासत होती तोवर मी बॅगेत हात घातला. आत दोन पपया. गुलाबराव माझ्यासाठी आणत होता, कच्च्या, भाजीच्या. त्या एकदम पिवळ्याधमक, बोट लावलं तर आत जाईल अशा!

मी एक फोड कापून गुलाबरावाच्या हातावर ठेवली. त्यानं खाल्ली, डोळे मिटले, आणि अर्जाचं दुःख जरा बाजूला ठेवून म्हणाला, "वहिनी, झोपत नही ते जाऊ द्या. पन पपई भारी पिकाडस!"

मग जो भेटेल त्याला त्यानं फोन करून सांगितलं: मनीषावहिनीनं नवं टाकलं तसं मशीन उठल्यावर सगळं विसरतं. गुलाबरावाच्या फोनला बातमीपत्रासारखी सवय आहे, दिवसातून तीनदा लागतो. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. सुनेचा धंदा नवा, आणि बाजारात आधीच दोघंतिघं बोलत होते, बाईमाणसाला काय जमतंय. पण त्या फोनमुळेच पुढचं सगळं वाचलं.

*

काठी गावाच्या वाटेवर एक पाडा आहे. तिथले वळवी गुरुजी, रिटायर मास्तर. माझं आणि त्यांचं जुनं. त्यांच्या शाळेच्या पाण्याची मोटर मी आठ वेळा नवी तार गुंडाळून भरली, आणि आठही वेळा त्यांनी खरं सांगितलं की चूक त्यांची. असं गिऱ्हाईक मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

ते जीपनं आले. मांडीवर गमछ्यात बांधलेलं गाठोडं. दुकानात येऊन त्यांनी ते दोन्ही हातांनी मनीषाच्या टेबलावर ठेवलं, जसं काही आत तान्हं मूल आहे.

"बटण दाबलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "गुलाबरावांचा फोन आला होता."

गोष्ट अशी. गुरुजींची बायको मोगीबाई. होळीची गाणी म्हणावी तर तिनं. काठीच्या होळीला चहूकडून माणसं येतात, ढोल असतात, बासऱ्या असतात, पण त्या पाड्यावरच्या बाया आधी बघतात मोगीबाई आली का. तिच्या घशात गाठ झाली. सुरतेला ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ निघेल, पण आवाज बदलू शकतो. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी ओसरीवर तो अपग्रेड झालेला लॅपटॉप ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि तिला म्हणाले, जेवढी येतात तेवढी म्हण. ती म्हणत गेली. बॅटरी संपत आली तसा लॅपटॉप आपल्या मनानं गाढ झोपी गेला. आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याची धावपळ.

गाठ साधी निघाली. बाई बरी झाली. आवाज मात्र गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले, बोला, खुशाल बोला, हळूहळू सुटेल, पहिल्यासारखा नसेल इतकंच. तिनं एकदाच तोंड उघडलं, स्वतःचा आवाज ऐकला, आणि पदर तोंडावर घेतला. त्याला पंधरा-वीस दिवस होऊन गेले होते.

"घरात सगळं हातानंच सांगते," गुरुजी म्हणाले. "कोंबड्यासुद्धा गोंधळल्यात. ती हाक मारायची तेव्हा यायच्या. आता संध्याकाळी मी हाक मारतो तर माझ्याकडे नुसत्या बघतात."

मनीषानं हळूच विचारलं, "गुरुजी, रेकॉर्डिंग सेव्ह केलं होतं?"

गुरुजी म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं ना ताई, झोपवलं की सेव्हची गरज नाही."

त्यात टोमणा नव्हता. मास्तर सरळ उत्तर देत होता. म्हणून तर ते जास्त लागलं. मनीषा स्टुलावर बसली ती बसलीच.

मग तिनं आम्हा दोघांना सांगितलं. गाणी आत वहीत आहेत, अजून आहेत. पण आता बटण दाबलं आणि मशीन वही न वाचता उठलं, तर उठल्या उठल्या पहिलं काम ते वही कोरी करायचं करणार. म्हणजे बटण एकदाच दाबता येईल. नक्कल काढून ठेवावी म्हणून तिनं डिस्क बाहेर काढून जोडली, तर ती म्हातारी डिस्क आतून टिकटिक करायला लागली. तिनं चटकन हात काढून घेतला आणि डिस्क होती तशी परत बसवली.

"मला थोडे दिवस द्या गुरुजी. दुसऱ्यांच्या मशीनवर जमलं, तर मगच याला हात लावीन."

गुरुजी म्हणाले, "होळीला अजून वेळ आहे." आणि जीप धरायला निघून गेले.

लॅपटॉप आम्ही वरच्या फळीवर ठेवला. मी खडूनं फळीवर लिहिलं: झोपलेल्या मशीनला हात लावू नका. ज्या फळीवर मी आजवर गिऱ्हाइकांना घाबरवायला रबराचा विंचू ठेवत असे, तिथला विंचूसुद्धा काढून घेतला. उगाच कुणी दचकायचा आणि धक्का लागायचा!

*

मनीषानं सगळ्यांची मशीनं परत मागवली. नवापूरहून भरतभाई आले. कोंबड्यांच्या फार्मवाले, अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आवाज असा की अंडी बिचकावीत. त्यांची तक्रार उलटी.

"नाना, बीजाना मशीन ऊंघता नथी, ने मारं तो ऊंघ्याज करे छे! मी बसलो, दोन अक्षर लिहिले, की हे झोपलं. परत उठवलं, परत झोपलं."

मनीषानं दोन दिवस तपासलं. तिच्या हाताखाली मशीन टक्क जागं. भरतभाई बसले की झोपलं! तिनं पुन्हा सगळं बदलून पाहिलं. पुन्हा तेच. भरतभाई म्हणायला लागले, मशीनचा माझ्यावर राग आहे.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी चहा प्यायला टेकले. डावा हात ठेवला माझ्या पसाऱ्यावर. उचलला, तर मनगटाला माझे चार स्क्रू आणि एक वायसर चिकटलेला!

"भरतभाई, हे कडं कसलं?"

"मॅग्नेटचं. सांधे दुखतात ना."

मी सहावी असलो तरी चुंबक मला कळतं, त्यावरच पोट भरलं. मनीषाला हाक मारली. तिनं डोक्यावर हात मारून घेतला. लॅपटॉपच्या झाकणात म्हणे बारीकसं चुंबक असतं, त्यावरून मशीनला कळतं की झाकण लागलं. भरतभाईंनी डावा हात ठेवला की मशीनला वाटे झाकण लागलं, चला झोपू! आधी झाकण लावलं की झोपायचं हा नियम त्यात बंद होता. अपग्रेडनं तो चालू केला. गुलाबरावाच्या मशीनमध्ये बरोब्बर उलटं झालेलं.

मी म्हटलं, "भाई, सांध्यांचं माहीत नाही, पण तुमचा हात लागला की समोरच्याला गाढ झोप लागते!"

त्यांच्या कोकिलाबेन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हात कशाला? नुसतं बोलायला लागले तरी लागते."

*

पुढचा किस्सा माझ्या मूर्खपणाचा आहे. तो गाळणार होतो. मनीषा म्हणाली, "लिहा नाना, नाहीतर मी लिहीन."

गुलाबरावाचा लॅपटॉप तिनं एका रात्रीपुरता घरी दिला होता, झोपेचा नियम बदलला तो टिकतो का बघायला. जाताना त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "नाना, खरं सांग, हाई काय शे?"

मी गंभीर चेहरा केला. तो मला फार छान जमतो. म्हटलं, "गुलाब, नजर लागेल शे. मीठ-मोहरी ओवाळ."

मला काय माहीत, साठीतला माणूस ते खरंच धरील! दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आला तो कुरकुर वाजत. गुलाबरावाच्या बायकोनं ओवाळलं होतं. उघड्या मशीनवरून. मूठभर!

मनीषानं मशीन वाकडं केलं. मोहरी टपटप टेबलावर पडली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नाना, तुम्ही सांगितलं?"

"गंमत केली गं."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फळीकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागली. साफसफाईत तिचा तो दिवस गेला असता, आणि दिवस गुरुजींच्या कामाचा होता. मी म्हटलं, "आण इकडे. हे मी साफ करतो." तिनं ब्रश दिला. मी कीबोर्डची एकेक टोपी काढली, मीठ झटकलं, मोहरी वेचली, फडक्यानं पुसलं. चार तास लागले. मग टोप्या परत बसवल्या आणि मोठ्या ऐटीत मशीन तिच्यापुढे ठेवलं.

तिनं पाहिलं. पाहतच राहिली.

मी म्हटलं, "कुणीतरी आधी फार गोंधळ करून लावल्या होत्या. मी सगळ्या ओळीनं लावून दिल्या. ए, बी, सी, डी..."

मनीषा आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नेमकं कशाचं होतं ते मी विचारलं नाही.

*

दुपारचा डबा माझी बायको शांता घेऊन येते. मनीषा जेवत नव्हती. भाकरी हातात, नजर भिंतीवर. शांता तिच्याशेजारी बसली. सासू-सुनेचं त्या दोघींचं जमतं. ते जमू नये म्हणून मी बरेच प्रयत्न करून पाहिले, फुकट गेले.

"काय अडकनं व माय?"

मनीषा म्हणाली, "आई, वही मशीनच्या पोटात आहे. वही कुठे ठेवलीय तो पत्तासुद्धा मशीनमध्ये लिहिलेला आहे, मी स्वतः तपासला. तरी उठल्यावर वाचत नाही."

"पत्ता कोठे लिखेल शे?"

"आतच. मशीनमध्ये."

शांतानं भाजी वाढली. "मग मशीन उठाना पह्यले तो वाची कसा? तुन्हं हाई मन्हा चष्म्यासारखं व्हयनं. चष्मा कोठे ठेवा, ते मी चिठ्ठीवर लिखी ठेवस. आन् चिठ्ठी वाचाले चष्मा लागस!"

मी हसलो. मनीषा हसली नाही. तिनं भाकरी खाली ठेवली.

"आई, परत म्हणा."

"काय? चष्मा?"

"पत्ता आत नको. उंबऱ्यावर पाहिजे! दार उघडायच्या आधी दिसेल असा!"

आणि उष्ट्या हातानं उठली. नंतर तिनं सांगितलं, पूर्वी तो पत्ता उंबऱ्यावर होताच. अपग्रेडनं झाडलोट केली, त्यात उंबऱ्यावरची चिठ्ठी पुसली गेली. आतली राहिली.

शांता माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय म्हननू असं?"

मी म्हटलं, "तू काही करं नही. आपोआप व्हयनं!"

*

प्रयोगाला बळी म्हणून माझा लॅपटॉप धरला. त्यावर मी पत्ते खेळतो आणि हरायला लागलो की लाईट गेली असं म्हणतो. मनीषानं मला सांगितलं, "यात काहीतरी लिहा नाना. मग झोपवते. उठल्यावर तेच दिसलं तर जमलं."

मी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं: मनीषा चहा कर.

झोपवलं. उठवलं. कोरं. पुन्हा लिहिलं, पुन्हा झोपवलं, पुन्हा कोरं. पाच वेळा मी तेच लिहिलं. पाचही वेळा चहा मिळाला नाही. संध्याकाळ व्हायला आली. सहाव्या वेळी मी लिहून मिरचीच्या पथारीकडे फेरी मारायला गेलो. तिकडे लाल मिरची अशी पसरलेली असते की रस्त्यानं जाणारा माणूस शिंकत शिंकतच घरी पोचतो. मी परत आलो तेव्हा मशीन झोपवलेलं होतं आणि मनीषा हाताची घडी घालून उभी होती.

"तुम्ही दाबा नाना."

मी बटण दाबलं. काळी पाटी, दोनचार ओळी, पुन्हा काळं. मग एकदम माझं पान समोर. वर माझंच वाक्य: मनीषा चहा कर.

आणि खाली, मी गेल्यावर लिहून तिनं मशीन झोपवलं होतं, ते दुसरं वाक्य: आज तुम्ही करा.

मी केला. साखर जास्त पडली. ती दोन कप प्यायली.

*

गुरुजींना निरोप गेला. दुसऱ्या दिवशी दोघंही आले. मोगीबाईला मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाहत होतो. उंच बाई, आधी दुकानात शिरायची ती मला चार शब्द सुनावतच, कारण एकदा मी तिला मोटर भुतानं धरलीय असं सांगितलं होतं. त्या दिवशी ती तोंडा-गळ्यावरून पदर घेऊन गुपचूप स्टुलावर बसली. मी हात जोडले. तिनं मान हलवली. बस.

गुलाबराव आला होता, शांता आली होती. मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं. मनीषानं फळीवरचा लॅपटॉप खाली घेतला, गमछा सोडला, वीज जोडली. तिच्या टिपणवहीत प्रत्येक मशीनच्या पोटातला वहीचा पत्ता लिहून ठेवलेला होता. ते पान तिनं समोर उघडलं आणि आम्हाला सांगितलं, "मशीन सुरू होता होता मी त्याला दारातच अडवणार. उंबऱ्यावर पत्ता लिहिणार. मग सोडणार. मधे कुणी बोलू नका."

गुरुजी म्हणाले, "ताई, एक सांगतो. नाही झालं तर नाही झालं. तुम्ही मनाला लावून घ्यायचं नाही."

मनीषानं मान हलवली आणि बटण दाबलं.

दारात अडवलं. ती एकेक अक्षर टाइप करायची, टिपणवहीत बघायची, पुन्हा टाइप करायची. टाइप झाल्यावर तिनं ती ओळ ओठांतल्या ओठांत तीनदा वाचली. मग सोडलं.

काळं. दोन ओळी. काळं. नुसतं काळं. गुलाबरावानं माझा दंड इतका दाबला की खूण दोन दिवस होती. आतली डिस्क टिकटिक करत होती. मी मनात म्हटलं, म्हातारे, आणखी थोडं, मग खुशाल मर.

आणि पडदा उजळला. कोरा नव्हता. गुरुजींचं पान, कोपऱ्यात रेकॉर्डिंगची खिडकी, लाल ठिपका लुकलुकतोय, आणि सेकंदाचे आकडे पळतायत! महिन्याभरापूर्वी जिथं थांबलं होतं तिथून ते पुढे चालू झालं होतं. अजून रेकॉर्ड करत होतं, आम्हाला!

मनीषा कुजबुजली, "नाना, हलू नका."

आता असं सांगितलं की माझं काय होतं? सकाळीच पथारीकडून फेरी मारून आलो होतो, मिरची नाकात होतीच. मी नाक धरलं, तोंड धरलं, शेवटी जी शिंक आली ती शटरला धडकून परत आली!

मनीषानं थांबवलं. सेव्ह केलं. आणखी एकदा सेव्ह केलं. दोन पेनड्राइव्हवर उतरवलं, एक गुरुजींच्या खिशात घातला, एक स्वतःच्या पर्समध्ये. तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला आणि गुरुजींना विचारलं, "लावू?"

गुरुजींनी मोगीबाईकडे पाहिलं. ती खाली बघत होती. तिनं हातानंच सांगितलं, लावा.

आणि दुकानात तो आवाज आला. मी त्याचं वर्णन करणार नाही, मला येत नाही. गाण्यात मागे कोंबड्या होत्या, कुणीतरी लाकूड फोडत होतं. एक गाणं झालं, दुसरं झालं. गुरुजी जमिनीकडे बघत बसले. मोगीबाईचा हात गळ्यावर होता, तो तिथून हलला नाही. शांतानं तिच्या पाठीवर हात ठेवला. चौथं गाणं अर्ध्यात आलं, आणि त्या आवाजानं गाणं एकदम थांबवलं. भिलीत, भांडायच्या सुरात विचारलं. मला भिली कळते, मराठीत सांगतो:

"गुरुजी, त्याची वायर लावलीय का? मी विचारतेय, वायर लावलीय का नाही?"

खट्ट. पंख्याची घरघर. मनीषाचं "नाना, हलू नका." आणि माझी शिंक!

गुलाबराव आधी फुटला, मग शांता, मग मी. मनीषा टेबलावर डोकं टेकून हसत होती. गुरुजी हसत होते आणि चष्मा पुसत होते. हसणं कमी झालं, आणि मग आमच्या लक्षात आलं की मोगीबाईनं तोंडावरचा पदर काढलाय आणि ती नवऱ्याकडे टक लावून बघतेय.

आवाज खरखरीत होता. कोरड्या पानांवरून कुणी चालावं तसा. पण भांडायचा सूर तोच.

"बघा," ती आम्हाला म्हणाली. "महिना झाला विचारून. अजून उत्तर देत नाही हा माणूस!"